कोकण किनाऱ्यावरच्या पोलिसांना चिलखती गस्ती गाडी हवी का?

पुळणकर
यंदा २६ जानेवारीला भाचीला घेऊन शिवाजी पार्कवर संचलन बघायला गेलो होतो. फोर्स वन या राज्य पोलिसांच्या कमांडो दलाच्या जवानांबरोबर ती चौकोनी, जाड काचांची, खालपासून वरपर्यंत बंद गाडी आली. महिंद्राची हलकी चिलखती गाडी, मार्क्समन. भाची ओरडली, "मामा, कासव!" आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला आम्ही दर वर्षी जातो, त्यामुळे तिला कासवच आठवणार.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. १९९३ च्या सुरुवातीला आरडीएक्स उतरलं ते आमच्याच तालुक्यात, शेखाडीला. २००८ मध्ये दहाजण कराचीहून निघाले, 'कुबेर' ही आपलीच मासेमारी नौका पळवून मुंबईत उतरले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. ती नौका मस्कतहून युरोपकडे निघालेली, इंजिन बिघडल्यावर खलाशांना वाचवून सोडून दिलेली, असं नंतर कळलं. पण ते कळेपर्यंतचे तास आम्ही गावात काढलेत. नाक्यानाक्यावर पोलीस उभे होते आणि त्यांच्यामागे साधी बोलेरो. तिच्या दाराचा पत्रा रायफलची गोळी अडवत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी ते उभे होते.

माझं मत सांगतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्याला अशा निदान दोन गाड्या हव्यात. पण या गाड्या नक्की काय अडवतात, कशा बनतात, आपल्या रस्त्यांवर चालतील का, यातलं मला फार कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

देवगडचो_बाबल
आमच्या वाडयेतलो सांकव बगलास काय? वाळूचो डंपर गेलो तर थरथरता. तुमचा ह्या कासव खयसून जातला, ता आधी सांगा.

एमटी_हवालदार
सैन्यात २४ वर्षं गाडी चालवली, गाव महाडजवळ. जरा सविस्तर लिहितो.

'बुलेटप्रूफ' आम्हीही म्हणायचो, पण सगळ्या गोळ्या अडवणारी गाडी कुठेच नसते. कुठली गोळी, किती अंतरावरून, एकाच जागी किती वेळा, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. पिस्तुलाला पुरणारा पत्रा रायफलीला पुरत नाही. रायफलीला पुरणारा पत्रा चिलखतभेदी गोळीला पुरत नाही, कारण तिच्या आत कठीण पोलादाचा गाभा असतो. यासाठी युरोपात दर्जे ठरवलेत. बी-६ म्हणजे नेहमीची रायफलची गोळी थांबते, बी-७ म्हणजे चिलखतभेदीही थांबते. मार्क्समन बी-६ वर्गातली. सैन्यासाठी महिंद्रानेच बनवलेली आर्माडो बी-७ पर्यंत जाते.

हे झालं बाजूने येणाऱ्या गोळीचं. खालून येणारा स्फोट हा वेगळाच प्रकार. काश्मिरात मी कास्पिर चालवली आहे. दक्षिण आफ्रिकेची, दहा-अकरा टनांची, उंच. तिचा तळ आपल्या होडीसारखा असतो, मधे निमुळता आणि दोन्ही बाजूंना वर चढत गेलेला. नाळेवर पाणी फाटतं तसा सुरुंगाचा दाब तिथे दोन बाजूंना फाटतो. चाक उडतं, एक्सल उडतो, आतली माणसं वाचतात. पट्टा मात्र बांधलेला हवा, नाहीतर गाडी उसळली की डोकं छताला. सपाट तळाच्या गाडीत तोच दाब थेट पायात आणि मणक्यात जातो.

मार्क्समनसारख्या हलक्या गाडीचा तळ हातबॉम्बापर्यंत तग धरतो, पेरलेल्या सुरुंगापुढे नाही. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ आपल्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. ते खाजगी वाहनातून निघाले होते. तिथला धोका जमिनीत पुरलेला असतो, कोकणात तसा नाही. इथे माणूस रायफल घेऊन होडीतून उतरण्याची भीती आहे, त्यामुळे इथे घ्यायचीच तर हलकीच घ्यावी. दहा टनांची आणली तर बाबल म्हणतो त्या साकवावरच तिची यात्रा संपेल.

खाडीकाठ
हवालदारकाका, माहिती फार मोलाची. पण पुळणकर यांच्या मुद्द्याला माझा विरोध आहे, स्पष्टच सांगतो.

शेखाडीचं उदाहरण त्यांनीच दिलं. तिथे पोलिसांकडे चिलखती गाडी नव्हती म्हणून आरडीएक्स उतरलं का? टाडा न्यायालयाने पुढे काही कस्टम्स आणि पोलीस अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवलं. वाट विकली गेली होती. वाट विकणारा माणूस चिलखतात बसला काय आणि उघड्या जीपमध्ये बसला काय, फरक शून्य.

दुसरं. आमच्या ठाण्याचे हवालदार मोटरसायकलवरून बंदरावर येतात, कोळणींशी दोन शब्द बोलतात, कुणाच्या नौकेवर नवा खलाशी आला ते विचारून जातात. काच न उघडणाऱ्या गाडीतून हे होणार आहे का?

तांडेल_मुरुड
खाडीकाठ यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. २००८ च्या त्या रात्री मुंबईत बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत अनोळखी पोरं होडीतून उतरली तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते आपल्या कोळी बांधवांनीच. "कोण तुम्ही, कुठून आलात?" उत्तर मिळालं, आपापलं काम बघा. म्हणजे डोळे जागेवर होते.

आज आमच्याकडे ओळखपत्रं आहेत, नौकेला नंबर आहे, वायरलेस आहे, सागरी सुरक्षेचा फोन नंबर १०९३ आहे. सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावात 'शत्रूची' नौका येते, तेव्हा आमचीच पोरं आधी ओळखतात. माझ्यापुरतं म्हणाल तर पहिला पैसा गस्ती नौकेला आणि तिच्या डिझेलला द्या. समुद्रात अडवलं तर जमिनीवर कासवाची गरजच कमी.

खाकीतली_लेक
माझे वडील मुंबई पोलिसात होते. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते ड्युटीवर होते आणि सुखरूप घरी आले, म्हणून हे लिहू शकते आहे.

कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एका क्वालिसमधून चालले होते. पोलीस खात्याची साधी क्वालिस. झाडाआडून गोळ्या आल्या आणि पत्रा, काच, सीट सगळ्यातून पार गेल्या. मागच्या सीटवर अरुण जाधव जखमी होऊन सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकले होते. हल्लेखोरांनी तीच गाडी पळवली, मेट्रोपाशी गर्दीवर गोळ्या झाडल्या. पुढे टायर फाटला म्हणून ती सोडून दुसरी गाडी हिसकावली. शेवटी गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी हातात धरली तेव्हा कसाब जिवंत सापडला. ओंबळे यांच्या हातात काठी होती.

वडील त्या क्वालिसबद्दल फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, "त्या दारात पोलादाचा एक पत्रा असता ना…" आणि उठून गॅलरीत गेले.

खाडीकाठदादा, मोटरसायकलवरून येणारे हवालदार हवेतच. पण ज्या रात्री बंदरावरून फोन येईल की किनाऱ्याला रायफली घेऊन माणसं उतरली आहेत, त्या रात्री त्याच हवालदारांना कशात बसवून पाठवायचं, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

खाडीकाठ
ताई, तुमच्या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही. विचार करून लिहितो.

भट्टीवाला
गाडीच्या पोटात काय असतं ते मी सांगतो. पुण्याजवळ एका बॉडी बिल्डिंगच्या कारखान्यात अकरा वर्षं फिटर होतो, आता चिपळूणला स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तिकडे बँकांच्या रोकड गाड्या आणि बड्या लोकांच्या चिलखती गाड्या व्हायच्या.

आधी वजनाचा हिशेब. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा भरतो ७.८५ किलो. रायफलीसाठी सहा मिलिमीटर धरला तर तेवढ्याच तुकड्याचे ४७ किलो. गाडीची चारी बाजू, छत, तळ, इंजिनाकडचा आडवा पत्रा, सगळं मोजा. त्यावर काच. ही काच चांगली जाड, आत काचेचे थर, त्यांच्यामधे चिकट प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे आणि माणसाच्या बाजूला पॉलिकार्बोनेट, म्हणजे आतल्या आत काचेचे तुकडे उडत नाहीत. काच पत्र्याहून जड पडते. म्हणून खिडक्या लहान असतात. नव्या कारागिराला वाटतं कंपनीने काटकसर केली.

आता वेल्डिंग. हे पोलाद तापवून, थंड करून, पुन्हा बेतशीर तापवून कडक केलेलं असतं. वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूची पट्टी पुन्हा मऊ पडते. वरून रंग मारला की काही दिसत नाही, पण गोळी नेमकी तिथे आली तर पार जाईल. म्हणून प्रत्येक जोडामागे दुसरी पट्टी द्यावी लागते. दार आणि खांब यांच्यामधल्या फटीलाही तसंच, आतून एकावर एक चढलेला पत्रा हवा. गाडी विकत घेणाऱ्याने दाराच्या फटी बघाव्यात, त्यावरून कारागीर कळतो. एका मालकाने आम्हाला मागची पट्टी वाचवायला सांगितली होती. मुकादमाने नकार दिला आणि त्या महिन्यात आमचा पगार उशिरा झाला. त्या मुकादमाचं नाव मी आजही आदराने घेतो.

गाडी दोन तऱ्हांनी करतात. तयार गाडीच्या पत्र्याआड चिलखत बसवायचं, किंवा चेसिसवर चिलखताची पेटीच उभी करायची. मार्क्समन दुसऱ्या प्रकारची आहे. कोकणासाठी हा फरक मोठा. पहिल्या प्रकारात दोन पत्र्यांमधे पोकळी राहते. आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा एकदा त्या पोकळीत शिरली की बाहेर येत नाही. बाहेरून गाडी नवी कोरी, आतून गंजाचे पापुद्रे. बंदरावरच्या टेम्पोचा खालचा पत्रा चार पावसाळ्यांत कसा होतो ते आपण सगळे बघतो.

पुळणकर
भट्टीवाला, मनापासून आभार. एवढी माहिती एका जागी कुठेच वाचली नव्हती. काचेचंही खाऱ्या हवेत काही होतं का?

भट्टीवाला
होतं. उष्णतेने आणि दमटपणाने कडेपासून थर सुटायला लागतात. आधी कडेला दुधाळ रेघ, मग बुडबुडे, मग सगळी काच धुक्यासारखी. अशी काच गोळीलाही कमजोर आणि चालकालाही दिसत नाही, बदलावीच लागते आणि महाग असते. दुसरं म्हणजे आतल्या पॉलिकार्बोनेटला थिनर किंवा कडक क्लीनर लावायचा नसतो. लावला की बारीक तडे. साध्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. पोलीस लाइनीत गाडी धुणाऱ्याला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं, त्याचा काय दोष?

घाटरस्ता
एसटीत ड्रायव्हर आहे, महाड-पोलादपूर पट्ट्यात आयुष्य गेलं. वजनाचं मी सांगतो.

घाट उतरताना दोन-तीन टनांची गाडी आणि त्याच इंजिनावर, त्याच ब्रेकवर टनभर चिलखत चढवलेली गाडी, यांत जमीन-अस्मानाचं अंतर. स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक मुळातच त्या वजनाचे हवेत. शिवाय वजन वरच्या भागात जातं, वळणावर गाडी झुकते. आंबेनळीतली किंवा वरंध्यातली वळणं ज्याने पावसात काढली आहेत त्याला हे सांगायला नको. चालकाला वेगळं प्रशिक्षण हवं. साध्या गाडीवरून उचलून एकदम ह्या गाडीवर बसवू नये.

आणि पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गेला, आमच्या दोन गाड्या गेल्या. त्यातले लोक माझ्या ओळखीचे होते. नवा पूल पुढच्या पावसाआधी झाला, चांगला झाला. पण तेव्हापासून मी कुठल्याही पुलावर चढण्याआधी वजनाचा फलक शोधतो. अर्ध्या ठिकाणी नसतोच.

कॅम्प_दापोली
माझं माहेर दापोली, सध्या ब्रिटनमध्ये असते. दापोलीला आजही जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात, कारण इंग्रजांच्या मुंबई फौजेची तिथे छावणी होती आणि पुढे निवृत्त देशी शिपाई तिथे स्थायिक झाले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले होते. त्यामुळे लष्करी विषय निघाला की आमच्याकडे प्रत्येक घरातून एक गोष्ट निघते.

मुद्द्यावर येते. इथल्या दोन गाड्यांची हकिगत या चर्चेत हवी असं वाटलं.

पहिली शॉर्लंड. १९६५ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांसाठी बेलफास्टमध्ये बनली, लँड रोव्हरच्या चेसिसवर चिलखत आणि वर मशीनगनचा मनोरा. सरहद्दीच्या गस्तीसाठी ती ठीक होती. पण ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्ट शहरातल्या दंग्यात ती रस्त्यावर आणली, तिच्यावरची मशीनगन चालली आणि घरात झोपण्याच्या खोलीत असलेला नऊ वर्षांचा मुलगा गेला. पुढे त्या गाड्या पोलिसांकडून काढून लष्करी दलाकडे दिल्या. खाडीकाठ म्हणतात ती भीती खरी आहे, फक्त ती चिलखतापेक्षा वर बसवलेल्या बंदुकीची आहे असं मला वाटतं.

दुसरी स्नॅच, तीही लँड रोव्हरच. उत्तर आयर्लंडमधल्या रस्त्यांसाठी १९९० च्या दशकात आली, दगड आणि गोळ्या झेलायला हलकी, छान. तीच पुढे इराक-अफगाणिस्तानात नेली, जिथे रस्त्याकडेला बॉम्ब पेरलेले. त्या गाड्यांमध्ये ३७ ब्रिटिश सैनिक गेले. सैनिक तिला चालती शवपेटी म्हणायला लागले. इराक युद्धावरच्या २०१६ च्या चिल्कॉट अहवालात तिला पर्याय आणायला झालेल्या उशिरावर ताशेरे आले, आणि २०१७ मध्ये इथल्या संरक्षणमंत्र्यांनी कुटुंबांची लेखी माफी मागितली. गाडीत खोट नव्हती, ती जिथे नेली ती जागा तिची नव्हती. हवालदारकाकांनी गडचिरोली आणि कोकण वेगळं केलं ते त्यामुळेच मला फार महत्त्वाचं वाटलं.

शब्दवेल्हाळ
थोडं अवांतर. 'लाइट आर्मर्ड व्हेइकल'ला आपण 'हलकी चिलखती गाडी' म्हणतोय हे छान वाटतंय. चिलखत म्हटलं की मला प्रतापगड आठवतो. १६५९ च्या त्या भेटीला महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, मंदिलाखाली शिरस्त्राण. बाहेरून भेटीचा पोशाख. खाडीकाठ आणि खाकीतली लेक यांच्या भांडणात मला हेच सुचतंय. गाडी बाहेरून नेहमीच्या बोलेरोसारखी दिसावी, आत चिलखत असावं. तशा गाड्या मिळतातच ना?

एमटी_हवालदार
मिळतात. पण भट्टीवाल्यांनी सांगितलेला पहिला प्रकार तो, पत्र्याआड चिलखत. कोकणाच्या हवेत तोच आधी कुजतो. त्यामुळे सल्ला सोपा वाटला तरी देखभाल दुप्पट.

मखरवाला
आमच्या गुहागरच्या घरी भाऊ सैन्यात आहे म्हणून एका वर्षी गणपतीच्या मखरात पुठ्ठ्याची चिलखती गाडी केली होती. बाप्पा मधे, गाडी दारात उभी. आजी म्हणाली, "देवाला कसलं रे चिलखत?" तेवढ्यात भावाचा लेहहून फोन आला. आजीने फोन ठेवल्यावर सांगितलं, "असू दे ती गाडी. चाकं नीट चिकटव."

देवगडचो_बाबल
मखरवाल्या, वाचून डोळे भरले रे. आजयेक नमस्कार सांग.

घाटरस्ता
पैशांचा कुणी हिशेब मांडेल का? पुळणकर 'जिल्ह्याला दोन' म्हणतात, एकीची किंमत तरी काय?

कॅम्प_दापोली
अंदाजासाठी एक आकडा. मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्यासाठी १,३०० लाइट स्पेशालिस्ट गाड्यांचा करार महिंद्राशी केला, १,०५६ कोटी रुपयांचा. भागाकार केला तर गाडीमागे सुमारे ८१ लाख. पोलिसांची गाडी याहून साधी असू शकते, पण मोठ्या संख्येने न घेतल्यामुळे फार स्वस्त पडेल असं धरू नये.

तांडेल_मुरुड
८१ लाख! तेवढ्यात आमच्या बंदराच्या जेट्टीचे दिवे, कॅमेरे आणि रखवालदार कितीतरी वर्षं चालतील. माझं मत बदललेलं नाही.

खाकीतली_लेक
तांडेलदादा, दिवे हवेतच. पण दिव्यात दिसलेल्या माणसासमोर जायचं कोणी?

तांडेल_मुरुड
खरंय ताई. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला एक अनोळखी होडी खाडीच्या तोंडाशी दिसली म्हणून मी फोन केला. दोन पोलीस आले, एक तर माझ्या मुलाच्या वयाचा. होडी शेजारच्याच बंदराची निघाली, इंजिन बंद पडलेलं. पण तो पोरगा पुळणीवरून टॉर्च घेऊन सरळ होडीकडे चालत गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. अंगावर नुसता रेनकोट. एखादी गाडी त्याच्यापुढे असती तर बरं वाटलं असतं, हे कबूल करतो.

एमटी_हवालदार
तांडेल, तुम्ही पुळणीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. भिजलेल्या, घट्ट वाळूवर तीन टनांच्या आसपासची गाडी फोर बाय फोरमध्ये चालते. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र रुतते. टायरची हवा कमी करून निघता येतं, पण चिलखती गाडीच्या टायरच्या आत टणक कडं असतं. टायर फुटला तरी त्या कड्यावर काही किलोमीटर गाडी पळते, क्वालिससारखी रस्त्यात बसत नाही. त्या टायरची हवा किती कमी करायची याला मर्यादा आहे. म्हणजे गाडी वाळूत घालायचीच नाही. सुरूच्या बनाजवळ रस्त्यावर उभी करायची, तिच्या आडोशाने माणसांनी उतरायचं, लोकांना मागे न्यायचं, जखमी माणूस आत ओढायचा. हलक्या चिलखती गाडीचं काम तेवढंच आणि ते काम दुसरी गाडी करू शकत नाही.

आणखी एक. आतून दिसतं कमी. खांब जाड, काच जाड, मागे अंधार. एका खांबाआड अख्खा माणूस लपतो. नेहमीच्या गस्तीला ही गाडी वापरली तर बंदरावरचं काहीच दिसणार नाही आणि मे महिन्यात एसी बंद पडला तर आतली माणसं दहा मिनिटांत घामाने निथळतील. त्यामुळे गस्त बोलेरोने आणि मोटरसायकलने. कासव ठाण्यात, बॅटरी चार्ज, डिझेल भरलेलं, आठवड्यातून दोनदा वीस किलोमीटर चालवलेलं. उभी राहिलेली गाडी आधी मरते, हे एमटीत, म्हणजे सैन्याच्या मोटर ट्रान्सपोर्टमध्ये, पहिल्या दिवशी शिकवतात.

खाडीकाठ
चार दिवस विचार केला. खाकीतली लेक यांच्या प्रश्नाला उत्तर देतो.

त्या रात्री हवालदारांना चिलखती गाडीतून पाठवावं. माझा विरोध मागे घेतो, दोन गोष्टी मात्र सोडत नाही. एक, या गाडीवर मशीनगन बसवून ती मोर्चाला, आंदोलनाला आणायची नाही. त्यासाठी वरुण, वज्र या दंगल आवरायच्या वेगळ्या गाड्या आहेत, त्याही जपून. दोन, हवालदारकाका म्हणतात तसं रोजची गस्त उघड्या तोंडाने व्हावी. आमच्या बंदरावर येणारे हवालदार कोळणींशी बोलतात, ते बोलणं थांबलं तर तांडेलांचा रात्री अडीचचा फोन कुणाला जाईल?

खाकीतली_लेक
दोन्ही मान्य. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. भट्टीवाल्यांच्या मुकादमापाशी ते थांबले आणि म्हणाले, "हा माणूस मला भेटायला हवा होता."

पुळणकर
मूळ प्रश्न विचारणारा मी, आता माझं मत दुरुस्त करतो. जिल्ह्याला दोन गाड्या मुख्यालयात ठेवून उपयोग नाही. अलिबागहून निघालेली गाडी श्रीवर्धनला यायची तर खाड्या ओलांडाव्या लागतात. आगरदांडा-दिघी फेरीबोट रात्री मिळणार नाही, वळसा घालून रस्त्याने आलं तर काही तास. तोवर सगळं संपलेलं असेल. म्हणजे गाडी एकच असली तरी ती खाडीच्या आपल्या बाजूला हवी, पेटीच्या बांधणीची, आणि तिला पोचता येईल असे पूल आणि रस्ते आधी माहीत हवेत.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे सागरी सुरक्षेची बैठक आहे. ग्रामरक्षक दलातर्फे मी जातो. तिथे नुसतं 'गाडी द्या' म्हणण्याऐवजी एक यादी घेऊन जाईन म्हणतो. बंदरापर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक पूल आणि साकव किती रुंद, वजनाचा फलक आहे का, सर्वांत अरुंद वळण कुठे, पायऱ्यांची पाखाडी कुठून सुरू होते. घाटरस्ता, तुम्ही फलक शोधता म्हणालात ते वाचून सुचलं. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या वाडीचं मोजून इथे टाकाल का? नेमकं ठिकाण उघड लिहू नका, मला निरोपातून कळवा. इथे फक्त आकडे.

घाटरस्ता
टाकतो. रविवारी सुट्टी आहे, टेप घेऊन निघतो.

भट्टीवाला
गाडीची रुंदी मोजताना आरसे धरा. चिलखती गाडीचे आरसे बाहेर जास्त येतात.

देवगडचो_बाबल
आमचो सांकव आत्ताच मोजून इलंय. रुंदी आठ फूट दोन इंच, कठडो एकाच बाजूक, फलक नाय. पलीकडच्या तोंडाक दगडी गडगो हा, तो दीड हात मागे घेतलो तर वळण बसात. गडगो आमचोच हा. उद्या काढतंय.